भावाचा खुराक

पौष लागला, कालव्याच्या कडेनं पोलीस भरतीची पोरं पळायला लागली, की मला सकाळी सकाळी कडकडून भूक लागते. थंडीत सगळ्यांना लागते तशी साधी भूक असती तर मी दोन घास जास्त खाऊन गप्प बसले असते. हिच्यात राग कालवलेला असतो, आणि तो खाऊन जात नाही.

मी बारामतीत राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. मिस्टर गेल्यापासून एकटीच आहे, त्यामुळं सकाळी कुणाचा डबा नाही की कुणाचा चहा नाही. उठते आणि पिंपळीच्या बाजूला कालव्यावर फिरायला जाते. या दिवसांत रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, कुठंतरी पाचट पेटवल्याचा वास असतो, पाण्यावर धुकं असतं, आणि त्या धुक्यातून एकदम पन्नास जोडी बुटांचा आवाज येतो. मागं मोटारसायकलवर शिट्टी फुंकणारे अकादमीचे सर. पळणाऱ्यांत आता निम्म्या पोरी असतात. दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे थांबून कौतुकानं म्हणतात, "काय पुढं गेल्यात पोरी." मी पोरींच्या पायांकडं बघत नाही, ओठांकडं बघते. ओठ पांढरे दिसले की समजायचं, ही घरून चहा पिऊन आलीय आणि हिचा भाऊ अंडी खाऊन.

हे मला चार हिवाळ्यांमागं कळलं. तीस वर्षं संतुलित आहाराचा धडा शिकवून जे कळलं नव्हतं ते.

त्या थंडीत मी बारामतीच्या घराची फरशी आणि नळ बदलायचं काम काढलं आणि दोन महिने पिंपळीला भावाच्या वस्तीवर राहायला गेले. भाऊ म्हणजे दत्ता, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. गावात त्याला दत्तातात्या म्हणतात आणि तोही आता स्वतःला तात्याच समजतो. ऊस आहे, थोडी डाळिंबं आहेत, दारात गाई आहेत. त्याची बायको सुमन. मुलगा संकेत, तेव्हा बावीसचा, आणि मुलगी रूपाली, वीसची. दोघांनीही त्या वर्षी पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. दोघंही सकाळी कालव्यावर पळायला जात. एकच अकादमी, एकच शिट्टी, बूटसुद्धा एकाच दुकानातले. घरात मात्र भरती एकट्या संकेतची होती.

भरतीला खुराक लागतो. हा शब्द आमच्या भागात देवाच्या नावासारखा घेतात. संकेतचा खुराक असा: पहाटे भिजवलेले बदाम, पळून आल्यावर पाच उकडलेली अंडी, चार केळी, तांब्याभर दूध आणि दुधात चमचाभर तूप. रविवारी मटण, त्यातली नळी आणि काळीज त्याचं. कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवावं लागतच नाही. पातेल्यातली पळी आपोआप जिकडं वळायची तिकडं वळते.

आणि हा खुराक करायचा कुणी? सुमननं आणि रूपालीनं. रूपाली साडेचारला उठायची. बदामाची सालं काढायची, चुलीवर पाणी ठेवायची, पीठ मळायची. मग चहात काल रात्रीची भाकरी मोडून खायची आणि पळायला जायची. पळून आली की संकेत ओसरीवर पाय पसरून घाम पुसत बसायचा आणि ही अंडी सोलायची. त्याची. मीठ-मिरपूड लावून, ताटलीत मांडून. मी चहाचा कप घेऊन समोर बसलेली असायचे, आणि पहिले पंधरा दिवस मला त्यात काही वावगं दिसलं नाही. लहानपणापासून बघितलेलं चित्र होतं, डोळ्याला सवयीचं.

सोळाव्या दिवशी सहज विचारलं, "सुमन, रूपालीला गं?"

"तिला न्हाय सोसत, वन्सं. अंडी उष्ण पडत्यात पोरीच्या जातीला."

"आणि दूध-तूप?"

"अंग सुटतंय. उद्या पाव्हणं बघाय आलं म्हंजी?"

दत्ता बाहेरून म्हणाला, "अगं आक्का, तिला किती पळायचंय? आठशे मीटर. संक्याला सोळाशे. तिचा गोळाबी हलका असतोय."

हा हिशेब ऐकून मी त्याला म्हटलं, "बरं, निम्मं पळायचंय तर निम्मा खुराक दे. अडीच अंडी." तो हसला. मोठ्या बहिणीनं चेष्टा केली की हसायचं असतं. अडीच सोडा, अर्धंही मिळालं नाही. आमच्या लोकांना गणित येत नाही असं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किलोभर इकडचं तिकडं झालं तर हीच माणसं रात्रभर झोपत नाहीत. घरातल्या ताटापाशी आली की तीच आकडेमोड विसरतात.

हे कसलं शास्त्र आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अंडी बाईला उष्ण, मिरची मात्र नाही. नळी बाप्याची, रस्सा बाईचा. बाईला आंबट आवडतं असं म्हणायचं आणि चिंच हातावर ठेवायची, म्हणजे मटणाची वाटी वाचते. चुलीपाशी बसलेलीचं वासानंच पोट भरतं, असं एक फार लाडकं वाक्य आहे. ते म्हणणाऱ्या एकाही पुरुषाला मी कधी वासावर जेवताना बघितलेलं नाही. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्याकडं आधी पुरुषांचा पोटोबा, मग विठोबा, मग गाईगुरं, आणि त्यातून काही उरलं तर ते खरवडायला घरातली बाई. वर तिचं कौतुक: "आमच्या हिला काय लागतच न्हाय." ज्याला काही लागत नाही त्याला आपण एक तर देव म्हणतो नाहीतर दगड, आणि दोघांनाही जेवायला वाढत नाही.

पण खरा कळस गुरुवारी होता. सुमननं संकेतच्या भरतीसाठी गुरुवार धरले होते. नवसाचे, पोराला वर्दी मिळेपर्यंतचे. आई धरते तर धरो. तिनं रूपालीलाही धरायला लावले. भावासाठी. म्हणजे बघा, एका भरतीचे दोन उमेदवार. एक पाच अंडी खाऊन पळणार, आणि दुसरीनं तो पास व्हावा म्हणून उपाशीपोटी पळायचं. असली स्पर्धा जगात दुसरीकडं कुठं होत असेल असं मला वाटत नाही. मी सुमनला म्हटलं, "मग संकेतनं रूपालीसाठी एक गुरुवार धरावा." तिला वाटलं, मी देवाची थट्टा करतेय. तिनं हळूच कानाला हात लावला.

अशाच एका गुरुवारनंतरच्या शुक्रवारी ती अंड्यांची गोष्ट घडली.

रूपाली पळून आली. आदल्या दिवशी दुपारी वाटीभर भगर आणि दोन खजूर, यापलीकडं तिच्या पोटात काही नव्हतं. ती चुलीपाशी गेली, पातेल्यातली अंडी काढली, गार पाण्यात टाकली, सोलली. आणि उभ्याउभ्या एक खाल्लं. मग दुसरं. घाईनं नाही, लपून नाही. भिंतीला टेकून, मीठ लावून, पाचच्या पाच. मी ओसरीवरून बघत होते. इतक्या शांतपणे कुणाला जेवताना मी फार दिवसांत बघितलं नव्हतं.

केळी-दूध संपवून संकेत ओसरीवरून आत आला. "अंडी कुठायत?"

"खाल्ली," रूपाली म्हणाली.

"कुणी?"

"मी."

"सगळी?"

"सगळी."

त्यानंतर त्या घरात जी चौकशी झाली ती पाहून मला वाटलं, हे लोक पोराला कशाला पोलिसात पाठवतायत, आख्खं घरच चौकी आहे. दत्ता गोठ्यातून हातातलं वैरणीचं पेंडकं तसंच घेऊन आला. सुमननं कपाळाला हात लावला. "लेकरू उपाशी राह्यलं की गं," म्हणाली. लेकरू म्हणजे बावीस वर्षांचा, शहात्तर किलोचा, चार केळी आणि तांब्याभर दूध पोटात घालून उभा असलेला.

"विचारून खायाचं हुतं," दत्ता म्हणाला.

"संकेत विचारून खातो व्हय?"

"त्याची गोष्ट येगळी हाय."

"कशी येगळी, पप्पा?"

दत्तानं हातातलं पेंडकं खाली टाकलं. बिचाऱ्याला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "तू उद्या दुसऱ्याच्या घरला जायाची."

म्हणजे ती पाच अंडी रूपालीच्या पोटात बसून सासरी निघून जाणार होती. माझ्या भावाच्या डोक्यात हे आहे हे ऐकून मला त्याची कीव यायला हवी होती. ती आली नाही. मला त्याचा मनापासून तिटकारा आला. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवला, ज्याचा हात धरून पाटीवर बाराखडी गिरवून घेतली, तो माणूस पोटच्या पोरीला पाच अंडी देताना पुढच्या घराचा विचार करत होता.

तेवढ्यात तो माझ्याकडं वळला. "आक्का, तू मास्तरीण हायस. सांग तिला."

आणि मी काय सांगितलं? म्हणाले, "जाऊ दे रे. उद्यापासून सहा उकडा."

सहा. हा माझा स्त्रियांच्या समानतेसाठी दिलेला लढा. पाच भावाला आणि एक बहिणीला, आणि घरात भांडण नको. वर मला वाटलं, आपण फार शहाणपणानं मिटवलं. दुसऱ्या दिवशी खरोखर सहा उकडली, आणि सुमननं सहावं माझ्या बशीत आणून ठेवलं. "वन्सं, तोंडानं मागायचं न्हाय का? इतकं दिवस संकोचलासा." तिला बाईनं अंडं मागितलं तर त्याचा एवढाच अर्थ लागला की पाहुणीला अंडं हवंय. मी ते रूपालीपुढं सरकवलं. तिनं ते सोललं आणि संकेतच्या ताटलीत टाकलं.

"सहा खा," त्याला म्हणाली. "म्हंजी नीट जड व्हशील."

मी शाळेत असताना दर मार्चमध्ये महिला दिन साजरा व्हायचा. काय असायचं? पाककला स्पर्धा. सगळ्या शिक्षिका आणि मुलींच्या आया घरून पदार्थ करून आणायच्या आणि परीक्षक म्हणून मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि संस्थेचे एक साहेब असे चार पुरुष चमचे घेऊन टेबलाभोवती फिरायचे. स्त्रीशक्तीवर भाषण करता करता गुळाच्या पोळीचा घास. एका वर्षी मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, पोळपाट-लाटणं. मी ते आनंदानं घरी आणलं. वर्गात मी "मुलींच्या वाढीसाठी लोहाची गरज" यावर पाच मार्कांचा प्रश्न घालायचे. हजारो पोरींना पालकात लोह असतं हे पाठ करायला लावलं. पालक घरी कुणाच्या ताटात पडतो, हा प्रश्न मी एकदाही पेपरात घातला नाही.

मैदानी चाचणी आली. संकेतची आधी होती. आदल्या संध्याकाळी त्याला मटण घातलं आणि सकाळी निघताना दुधात नेहमीपेक्षा दुप्पट तूप. ताकद यायला हवी ना. तिसऱ्या फेरीत तो ट्रॅकच्या कडेला वाकला आणि सगळा खुराक मैदानाला परत केला. घरी आल्यावर निकाल असा लागला की दूध बाधलं. गाईच्या चाऱ्यात काहीतरी आलं असणार. दोन दिवस सगळे गाईकडं संशयानं बघत होते. पोराला जास्त झालं, असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

रूपालीची चाचणी आठवड्यानं होती. दत्ताला उसाची तोड आली होती, म्हणून सोबत मी गेले. पहिली फेरी ती तिसरी होती. मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी होते. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिचे ओठ पांढरे पडले. एवढ्या लांबूनसुद्धा मला ते दिसलं. पाय चालू होते, पण त्यांच्यात काही उरलं नव्हतं. तिच्या शेजारून एक, दोन, पाच, आठ पोरी निघून गेल्या. गोळा फेकून झाल्यावर ती तिथंच मातीत बसली. बंदोबस्तावरच्या एका बाईनं तिला ग्लुकोजचं बिस्कीट दिलं. दोन मार्कांनी राहिली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. फार कमी होतं. म्हणाले, "या रक्तावर ही पळाली कशी, हे मला सांगा." मी ते घरी येऊन सांगितलं. दत्ता म्हणाला, "पोरींचं कमीच असतंय. हिचंबी कमीच हाय की," आणि सुमनकडं बोट दाखवलं. "काय बिघडलं?" सुमन मान हलवून हसली. आपल्या रक्ताचा विषय निघाला याचंच तिला अप्रूप वाटलं असावं.

संकेतचं नशीब खोटं होतं. रूपालीला मात्र झेपलंच नाही. पोरीच्या जातीला कुठं झेपतंय. एका घरात, एका आठवड्यात, दोन नापासांसाठी ही दोन वाक्यं.

रूपाली त्यावर भांडली नाही. महिन्याभरात तिनं बॅग भरली आणि इंदापूरला एका अकादमीच्या होस्टेलवर गेली. दत्ता चिडला, सुमन रडली, मी फीला हातभार लावला आणि त्याचं पुण्य बरेच दिवस मनात चाटत बसले. मी तिला भेटायला गेले तेव्हा अकादमीचे सर, फौजेतून आलेले, मेस दाखवायला घेऊन गेले. पोरं-पोरी एकाच रांगेत ताट घेऊन उभी होती. मी विचारलं, "सगळ्यांना सारखंच?" ते म्हणाले, "मॅडम, ग्राउंडला लेडीज-जेंट्स येगळं असतंय. ताटाला न्हाय." एवढं साधं वाक्य ऐकायला मला पन्नास किलोमीटर जावं लागलं.

"इथं पळायला पिंपळीपेक्षा काय वेगळं आहे?" मी रूपालीला विचारलं.

"पळायला कायबी न्हाय. हितं अंडी तोंड बघून देत न्हायत."

त्या दुपारी मी तिला हायवेवरच्या एका ढाब्यावर घेऊन गेले. पाटीवर पिळदार मिशांचा गडी रंगवलेला, चुलीवरचं गावरान मटण. पाटीखाली खऱ्या चुलीपुढं खरी बाई बसलेली, धुरानं डोळे लाल झालेले, भाकरी थापत होती. तिचं चित्र कुठंच नव्हतं. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. वेटर आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, "पार्सल का, मॅडम?" दोन बायका मटणाच्या ढाब्यावर आल्या म्हणजे घरच्या पुरुषांसाठी न्यायलाच आल्या असणार. रूपाली म्हणाली, "दोन मटण थाळी. हितंच." तो गेला आणि एक मटण थाळी, एक शाकाहारी थाळी घेऊन आला. चूक नव्हती ती. त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं. रूपालीनं शाकाहारी थाळी त्याच्या हातात परत दिली आणि दुसरी येईपर्यंत घासाला हात लावला नाही. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. मी पदरानं डोळे टिपले. तिखट जास्त होतं असं मी तिला सांगितलं.

पुढच्या भरतीत ती निवडली गेली. आठशे मीटर तिनं असं काढलं की मला जाळीला धरायचीही गरज पडली नाही.

गावात फलक लागला, शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. फेटा मुद्दाम पुरुषाचा, तुऱ्यासकट. एका पुढाऱ्यानं भाषण केलं की आता चूल आणि मूल हे दिवस गेले. त्यांच्यासमोर टेबलावर जो नाश्ता ठेवला होता तो शाळेच्या मागच्या बाजूला दगडांच्या चुलीवर सात बायका सकाळपासून करत होत्या. दत्ताला बोलायला उभं केलं. त्यानं रूपालीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "ही माझी पोरगी न्हाय. पोरगाच हाय ह्यो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्याला त्यातला अपमान ऐकू यायला किती वेळ लागतो याची मलाच गंमत वाटते. मुलगी म्हणून तिला खायला मिळालं नव्हतं. आता वर्दी मिळाली तर मुलगी म्हणून ठेवायलाही कुणी तयार नव्हतं. आमच्या लोकांना बाईला ताट द्यायचं म्हटलं की आधी तिचा पुरुष करावा लागतो. त्याशिवाय पळी वळत नाही.

आता सांगते. इतका वेळ मी सगळ्यांची ताटं मांडली, माझं मांडलं नाही. पिंपळीला मी कुठं जेवायचे? पहिल्या पंगतीत. दत्ता आणि संकेतच्या बरोबर, पाटावर. लग्नाआधी आईबरोबर चुलीपाशी, सगळ्यात शेवटी जेवणारी मी, पहिला पगार आणला त्या महिन्यात वडलांनी हाक मारली, "ये गं, हितं बस." मी जाऊन बसले आणि तिथून परत उठले नाही. मला वाटलं, मी शिकले म्हणून हे घर बदललं. घर होतं तिथंच होतं. फक्त माझी जागा बदलली होती, आणि आईनं त्या दिवसापासून मला वाढायला सुरुवात केली.

गेल्या रविवारी रूपाली रजेवर आली होती. ती पुण्यात असते. दत्तानं मला बोलावून घेतलं. लेक आली म्हणून दारातला कोंबडा कापला होता. संकेत आता कारखान्याच्या हंगामात काट्यावर असतो, त्याचं दीड वर्षापूर्वी लग्न झालं. बायको पूजा, कळंबची. अंगानं बारीक, बोलायला गोड, पाचवा महिना चालू आहे. तिच्या आईनं कळंबहून खारीक-खोबऱ्याचे लाडू पाठवले होते. मी डबा उघडून बघितला, तळाशी दोन होते. "ह्यास्नी आवडत्यात," पूजा म्हणाली. ह्यास्नी म्हणजे संकेत. पाचवा महिना कुणाला आहे हे क्षणभर मलाच कळेना.

चार ताटं मांडली. दत्ता, संकेत, रूपाली, मी. बाहेर चुलीवर सुमन भाकरी करत होती आणि पूजा आत-बाहेर करत वाढत होती. दत्तानं स्वतःच्या हातानं काळीज आणि मांडीचा तुकडा रूपालीच्या ताटात घातला. "खा, साहेब," म्हणाला. तो तिला आता साहेबच म्हणतो. रूपालीचे गाल भरलेत, ओठांना रंग आलाय. ट्रॅकसूटमध्ये मांडी घालून बसली होती, एका हातात मोबाइल, ड्युटीचं काहीतरी बघत होती. मी तिच्याकडं बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी पूजाकडं बघितलंच नाही. दारातून येताना तिनं चौकटीला धरलं तेव्हा बघितलं. कमरेला हात लावून थोडी थांबली, मग पुढं आली. ओठ पांढरे होते.

"पूजा, तू काय खाल्लंस का सकाळपासनं?" मी विचारलं.

"माझं मागनं. तुमी जेवा निवांत, आत्या."

मी मान उंचावून पातेल्यात बघितलं. रश्शात मान आणि दोन पंख तरंगत होते.

मला वाटलं, आता रूपाली बोलेल. ही तर पाच अंडी खाल्लेली. ही तर वेटरच्या हातात थाळी परत देणारी. मी वाट बघत राहिले. रूपालीनं मोबाइलवरची नजर न काढता ताटातली भाकरी बोटानं दाबून बघितली.

"वहिनी," म्हणाली, "ही गार झाली. गरम आण की जरा."

पूजा लगबगीनं वळली. पुन्हा चौकटीला हात, पुन्हा बाहेर. दत्ता कौतुकानं म्हणाला, "साहेबाला गरमच लागतीय."

माझ्या अंगातून संतापाची तिडीक गेली. त्या पोरीला खडसवायचं, सगळ्यांदेखत, शाळेत पोरींना उभं करायचे तशी उभी करून विचारायचं, म्हणून मी तोंड उघडलं. तोंडात घास होता. चांगला मोठा, तुकड्याचा. तो चावून गिळेपर्यंत पूजा बाहेरून आली. तिच्या हातात टम्म फुगलेली भाकरी होती, वाफ निघत होती. तिनं ती रूपालीच्या ताटात ठेवली आणि माझ्यापुढं वाकली.

"आत्या, तुमाला?"

"अर्धी दे," मी म्हणाले.